रुसलेल्या फॉलोअरचा नारळ

देवासच्या मराठी घरांत मुलाचं-मुलीचं जमलं की आधी एक चौकशी व्हायची. रत्नाकर पागनीस त्या दिवशी मोकळे आहेत का? आचारी नंतर बघता येतो, भटजी उज्जैनहून आणता येतो. पण ऐन मुहूर्ताच्या वेळी वरमायेची धाकटी जाऊ खोलीचं दार लावून बसली, तर तिला बाहेर कोण काढणार? पागनीसच. या कामाला दुसरं नाव गावात नव्हतं.

माणूस तसा साधा. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये बोल्ट आणि बेअरिंग देत-घेत नोकरी संपवलेला. पूर्वज पवारांच्या पागेवर होते म्हणे, म्हणून आडनाव पागनीस. प्रत्यक्षात रत्नाकररावांना घोड्याची इतकी भीती की वरातीत घोडी डावीकडून चालली की हे रस्ता ओलांडून उजवीकडे. पण रुसलेलं माणूस समोर आणा, मग बघा गंमत. तिथं त्यांची छाती अशी फुगायची की विचारू नका.

त्यांची पद्धत ठरलेली होती. हातात एक नारळ, शेंडी राखलेला. रुसलेला खुर्चीवर असेल तर आपण पाटावर बसायचं, तो पाटावर असेल तर आपण जमिनीवर. का रुसलात हे मात्र विचारायचं नाही, अजिबात नाही. एकदा कारण तोंडातून बाहेर पडलं की त्याला पाय फुटतात, असं त्यांचं मत. म्हणून गव्हाबद्दल बोलायचं, लसणाच्या भावाबद्दल बोलायचं, आणि मग सहज म्हणायचं, जरा पाणी मिळेल का? समोरच्यानं उठून पाणी दिलं की काम झालं. खातेगांवच्या एका लग्नात पत्रिकेत नाव राहिलं म्हणून मुलाचे मामा वऱ्हाडाच्या बसमध्ये जाऊन बसले, ते उतरेचनात. रत्नाकरराव बसच्या पायरीवर बसले आणि सोयाबीनवरच्या अळीवर असे काही बोलत राहिले की शेवटी मामाच कंटाळून मंगलाष्टकांना गेले.

मग दिवस फिरले. लग्नं गार्डनमध्ये गेली, पंगती जाऊन बुफे आले. आता बुफेत कुणी कशावर रुसायचं? ताट आपणच उचलायचं, आपणच वाढून घ्यायचं, आणि राग आलाच तर गाडीत बसून घरी निघून जायचं. यजमानाला पत्ताही लागत नाही. मागे एका लग्नात रत्नाकरराव रात्री उशिरापर्यंत नारळ मांडीवर घेऊन वाट पाहत बसले होते. कुणी रुसलंच नाही. शेवटी केटरिंगवाल्या पोरानं "काका, ये चाहिए क्या?" असं विचारून तो नारळ नेला आणि दुसऱ्या दिवशीच्या चटणीत घातला.

त्यानंतर ते घरात बसले आणि घरच्यांचा जीव खायला लागले. त्यांची बायको कल्पना ही सरळ बोलणारी बाई. तिनं इंदूरला मुलीला फोन केला आणि सांगितलं, तुझ्या बाबांना काहीतरी उद्योग दे, नाहीतर मी तुझ्याकडे राहायला येते. मुलगी कोमल एका शेव-नमकीनच्या कंपनीत सोशल मीडियाचं काम बघते. ती रविवारी आली, बाबांच्या लॅपटॉपवर त्यांच्या आधीच असलेल्या खात्याची धूळ झटकली आणि त्यांना पुन्हा लिहायला बसवलं. खातं होतं त्या ट्विटरचं, ज्याला आता जग एक्स म्हणतं आणि रत्नाकरराव मरेपर्यंत ट्विटरच म्हणणार आहेत. नाव बदललं म्हणून माणूस बदलत नाही, हा त्यांचा बाणा.

पूर्वी ते तिथं कधीमधी काही लिहीत. आता रोज सकाळी लिहू लागले. टेकरीवर धुकं उतरलं, जुन्या बाजारात हरभऱ्याच्या गड्ड्या आल्या, आमचे वडील असे होते आणि आमच्या लहानपणी तसं होतं. मराठीत लिहीत, मध्येच मालवीत घुसत, आणि "क्या के रिया हे भिया" असं एखादं वाक्य टाकून मोकळे होत. लोकांना आवडलं. देवासचे, इंदूरचे, पार धरमपुरीपर्यंतचे मराठी लोक त्यांना फॉलो करू लागले.

कोमलनं वर आणखी सोयी जोडून दिल्या. एक जोडणी अशी की रात्री लिहून ठेवा, सकाळी ठरल्या वेळेला ते आपसूक जाईल. दुसरी अशी की मोठा मजकूर तुकडे पाडून माळेसारखा ओवून देते. तिसरीचं नाव "कौन गया". आपल्याला फॉलो करणारं कुणी सोडून गेलं तर ही चहाडी करते. पैसे भरले तर लगेच, फुकटात हवी असेल तर फक्त रविवारी सकाळी आठवड्याची एकदम. रत्नाकरराव म्हणाले, फुकटवाली पुरे, घाई कशाला.

बरोबरीनं कोमलनं तिथली भाषाही शिकवायला घेतली, कारण बाबांना कुणी काही म्हटलं की ते तिला फोन करून अर्थ विचारत आणि तिच्या मीटिंगा मोडत. पण रत्नाकररावांना तिनं सांगितलेले अर्थ पटत नसत. ते आपल्या हिशेबानं लावून घेत. अनफॉलो म्हणजे पंगतीतून ताट सोडून उठणं. म्यूट म्हणजे पंगतीत बसायचं, जेवायचं, पण यजमानाशी बोलायचं नाही. ब्लॉक म्हणजे त्या घरचं पाणीही नको. सबट्वीट म्हणजे नाव न घेता टोमणा मारणं असं कोमलनं सांगितल्यावर ते म्हणाले, यात नवीन काय, तुझ्या आजीच्या विहीणबाईंनी जन्मभर हेच केलं. आणि लर्कर? तो नुसता वाचतो, बाबा, बोलत नाही, लाइक करत नाही, आहे हेसुद्धा कळू देत नाही. रत्नाकररावांनी जरा विचार केला. "कनातीआडून लग्न बघणारा," ते म्हणाले. "जेवतही नाही आणि जातही नाही." कोमल म्हणाली, हो, अगदी तोच.

पहिल्या रविवारी "कौन गया"नं सांगितलं, दीपेश गेला. दीपेश म्हणजे मागच्या गल्लीतला, बँकेतला मुलगा. रत्नाकररावांचा चेहरा उजळला. कल्पनाबाई सांगतात, नोकरी लागली तेव्हासुद्धा हा माणूस एवढा खूश नव्हता. त्यांनी धुतलेला सदरा घातला, देवघरातला नारळ उचलला आणि निघाले.

दीपेश चड्डीवर गाडी धूत होता. काका नारळ घेऊन आलेत म्हणजे गणपतीची वर्गणी, असं समजून तो पाकीट आणायला आत पळाला. परत येऊन बघतो तर काका त्याच्या ओट्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसलेले, आणि लसणाबद्दल बोलतायत. तो उभा राहिला तरी ते बसलेलेच, तो बसला तर ते आणखी खाली सरकले, म्हणजे जवळजवळ नालीत. तासभर लसूण झाला. मग त्यांनी पाणी मागितलं. दीपेशनं पाणी दिलं, त्यांनी नारळ त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाले, झालं गेलं विसरून जा. काय झालं आणि काय गेलं हे त्या बिचाऱ्याला आजपर्यंत कळलेलं नाही. पण भीतीनं त्यानं त्याच दिवशी पुन्हा फॉलो केलं.

झालं. मग काय विचारता. आठवडाभर लिहायचं आणि रविवारी रुसवे काढायचे, असं सुरू झालं. इंदूरच्या एका गादीवाल्याच्या दुकानाचं खातं यांना फॉलो करत होतं, ते सुटलं. कोमलनं फोनवर घसा कोरडा केला, की बाबा, ती दुकानं असंच करतात, आधी फॉलो करायचं, मग सोडायचं, त्यामागे माणूस नसतो. रत्नाकरराव म्हणाले, दुकान आहे म्हणजे गल्ल्यावर कुणीतरी बसत असेलच. आणि गेले. त्या सेल्समननं त्यांना मोठ्या मानानं गादीवर बसवलं. हे लगेच उठून फरशीवर बसले. दोघांचं हे उठणं-बसणं बघून दुकानात आलेलं एक जोडपं निघून गेलं. शेवटी नारळ देऊन रत्नाकरराव परतले ते काखेत एक उशी घेऊन. कल्पनाबाईंनी उशी बघितली आणि काही बोलल्या नाहीत. ते त्यांचं म्यूट.

खातेगांवचे नारायणराव हे रत्नाकररावांच्या आईचे चुलतभाऊ, म्हणजे मामाच. त्यांच्याकडून अनफॉलोचं बटण अंगठ्यानं चुकून दाबलं गेलं होतं. पण भाचा नारळ घेऊन दारात उभा राहिल्यावर त्यांनी ते कबूल केलं नाही. वेडे आहेत का? त्यांनी दोन दिवस गाल फुगवून ठेवले, तोवर भाच्याकडून गव्हाच्या शेताला चक्कर मारून घेतली, चष्म्याची काडी बसवून घेतली, आणि मग पाणी दिलं. भाचा गेल्यावर त्यांनी आपल्या सगळ्या नातलगांना फोन लावले आणि ही हकीकत तिखटमीठ लावून सांगितली. मामांचा फोन म्हणजे इकडे देवास आणि तिकडे धार, कुणी सुटत नाही.

पुढं पुढं लोक सावध झाले. सोडायचं असेल तर पागनीसांना सोडू नये, म्यूट करावं, ते त्यांच्या यंत्राला कळत नाही, असं महाराष्ट्र समाजाच्या कोजागरीला लोक एकमेकांच्या कानात सांगू लागले. रविवार कोरडे जायला लागले. रत्नाकरराव पुन्हा घुम्यासारखे बसायला लागले आणि कल्पनाबाई पुन्हा कोमलच्या नंबरकडे बघायला लागल्या.

अशातच तो रविवार आला. सकाळी चहाबरोबर त्यांनी लॅपटॉप उघडला, आणि "कौन गया" म्हणालं, एक जण गेला. नाव फक्त "धारवाला". खाली एका स्कूटरचा फोटो. पोपटी रंगाची जुनी स्कूटर, पुढच्या मडगार्डाला पोचा.

रत्नाकररावांचा चहा तसाच राहिला. कल्पनाबाई मागून डोकावल्या आणि म्हणाल्या, अहो, ही तर आपली स्कूटर. सासऱ्यांची. "पण तुम्ही तर गेल्या रविवारी पांढरी लिहिलीत."

खरंच लिहिलं होतं. वडील आपल्या पांढऱ्या स्कूटरवर दोघा भावांना बसवून टेकरीच्या चढावर कसे न्यायचे, तो पोचा कसा पडला, हे सगळं त्यांनी मोठ्या झोकात लिहिलं होतं. ती स्कूटर आता धारला होती, त्यांच्या धाकट्या भावाकडे, योगेंद्रकडे. आणि योगेंद्र त्यांच्याशी कोमलच्या लग्नापासून बोलत नव्हता.

त्याचं असं झालं होतं. कोमलच्या लग्नात सगळ्या काका-मामांना मांडवात बसवून पागोटी बांधली. योगेंद्र हा मुलीचा सख्खा काका. त्याचंच पागोटं कमी आलं. दुकानदाराची चूक, मोजणाऱ्याची चूक, कुणाची का असेना. योगेंद्र काही न बोलता उठला आणि जनरेटरजवळ, कनातीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. रत्नाकररावांनी त्याला जाताना पाहिलं. नारळ हातात होता. पण त्याच वेळी कुणीतरी धावत आलं, की मुलाच्या आत्याचे यजमान तोंड पाडून बसलेत. रत्नाकरराव म्हणाले, योगू काय, घरचाच आहे, आणि नारळ घेऊन आत्याच्या यजमानांकडे गेले. तिथून परत आले तोवर योगेंद्र आणि त्याची बायको इंदू न जेवता धारच्या बसमध्ये बसले होते.

नंतर फोन करायला काय हरकत होती? काहीच नव्हती. पण यांचं म्हणणं, मी मोठा, मोठ्यानं लहानाच्या दारात नारळ घेऊन जायचं हे कुठल्या शास्त्रात आहे? तिकडचं म्हणणं कुणी विचारलंच नाही. दिवाळ्या गेल्या, संक्रांती गेल्या. जगाचे रुसवे काढणाऱ्या माणसाच्या घरातला रुसवा लोणच्यासारखा मुरत गेला, आणि कल्पनाबाईंनी हे तोंडावर बोलून दाखवायचंही सोडून दिलं होतं.

रत्नाकररावांनी कोमलला फोन लावला आणि त्या खात्याबद्दल विचारलं. तिनं तिकडून उघडून पाहिलं. म्हणाली, की बाबा, हे खातं माझ्या लग्नानंतरच्या महिन्यात उघडलंय. यानं आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही. आणि आता हा कुणालाच फॉलो करत नाही, आकडा शून्य आहे. "म्हणजे काका फक्त तुम्हाला वाचत होते. एवढ्याचसाठी खातं काढलं होतं त्यांनी."

रत्नाकररावांच्या लक्षात आलं. आपण समजत होतो की तो गेला. तो गेलाच नव्हता. इतकी वर्षं तो कनातीआडच उभा होता, आणि आपण पलीकडे लसणाचे भाव सांगत होतो. आणि आता मात्र तो खरंच गेला. पांढरी स्कूटर वाचून गेला की आणखी कशानं, कोण जाणे, पण जे एक बारीक सूत उरलं होतं तेही तुटलं. आज गेलो नाही तर पुन्हा जायला निमित्तही उरणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसलं, आणि तो माणूस चक्क घाबरला.

कोमल म्हणाली, बाबा, आधी तिथंच एक खासगी निरोप, म्हणजे डीएम टाका, विचारा तरी. ते ओरडलेच तिच्यावर. रुसवा काय डीएमनं निघतो? पण नारळ आणायला उठले आणि पुन्हा बसले. त्यांनी कल्पनाबाईंना सांगून पाहिलं, की ऊन फार आहे. मग म्हणाले, रविवारी बसला गर्दी असते. मग म्हणाले, त्यानं दार उघडलं नाही तर? कल्पनाबाई आत गेल्या, नारळ आणला, त्यांच्या पिशवीत टाकला, वर पाण्याची बाटली ठेवली आणि दार उघडून उभ्या राहिल्या. जन्मात पहिल्यांदा रत्नाकररावांना एका रुसव्याला जायला कुणीतरी ढकलावं लागलं.

देवासहून इंदूर, इंदूरला बस बदलून धार. सगळ्या वाटेत ते आपले नियम घोकत होते. खाली बसायचं, का ते विचारायचं नाही, गहू, लसूण, पाणी. योगेंद्र शाळेत ड्रॉइंग शिकवतो, त्याला लसणातलं काय कळणार, असं मधेच मनात आलं आणि घाम फुटला. शेजारच्या प्रवाशानं विचारलं, किधर जा रिये हो भिया? हे म्हणाले, भाई के घर. एवढं बोलून त्यांना एकदम भरून आलं आणि ते खिडकीकडे वळले.

योगेंद्रचं घर किल्ल्याच्या बाजूला. दार सताड उघडं होतं. पडवीत ती स्कूटर, पुसून लख्ख केलेली, पोपटी. आत खुर्चीवर योगेंद्र, दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला. रत्नाकरराव उंबऱ्याशी थबकले. योगेंद्रनं मान वर केली, त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पेपरात घातली. पेपर त्या दिवशीचा नव्हता.

नियमाप्रमाणे रत्नाकरराव आत जाऊन जमिनीवर बसले. योगेंद्र खुर्चीवरून उठून त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. आता आणखी खाली कुठं जायचं? त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत हे कधी झालं नव्हतं. ते गव्हाबद्दल बोलायला गेले तर तोंडातून शब्द फुटेना. लसूण आठवेना. पाणी मागायचं तर इंदूनं आधीच तांब्या-भांडं समोर आणून ठेवलं होतं आणि ती आत जाऊन दाराआड उभी होती. सगळे नियम संपले. मग त्यांनी जन्मभर जे कधी केलं नव्हतं ते केलं. सरळ विचारलं.

"योगू, का गेलास रे?"

योगेंद्रनं पेपराची घडी घातली. मग म्हणाला, मामांचा फोन आला होता. नारायणमामांचा. त्यांनी सांगितलं, की दादाला जो सोडतो त्याच्या घरी दादा नारळ घेऊन जातो. बँकेतल्या पोराकडे गेला, खुद्द मामांकडे गेला, इंदूरला गादीवाल्याकडेसुद्धा गेला.

"म्हटलं, गादीवाल्याकडे जातो तर माझ्याकडे येईलच," योगेंद्र म्हणाला. "म्हणून सोडलं. सोमवारी. मंगळवारी तू येशील असं धरून चाललो होतो."

रत्नाकररावांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ते कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे, ते फुकटवालं आहे रे! रविवारीच सांगतं!"

आतून इंदू बाहेर आली. तिलाही आता राहवेना. ती म्हणाली, भाऊजी, मंगळवारी श्रीखंड केलं होतं. बुधवारी पुरण घातलं. गुरुवारी हे म्हणाले, आज नक्की, म्हणून बाफले केले, ते शेजारी वाटले. शनिवारी मी बेसनाचे लाडू वळले, निदान टिकतात तरी. आठवडाभर यांनी शाळेतून आल्यावर दार लावलेलं नाही, मांजर दोनदा दूध पिऊन गेलं.

रत्नाकरराव रडले. लाज न बाळगता, धोतराच्या जमान्यातल्या म्हाताऱ्यांसारखे हुंदके देऊन रडले. म्हणाले, त्या दिवशी नारळ तुझ्याकडेच आणायला हवा होता. घरचा म्हणून तुला मागे ठेवलं. योगेंद्र म्हणाला, पागोट्याचं मला काही नव्हतं रे दादा. तू जगाकडे जात होतास ना, मला फक्त बघायचं होतं की माझ्याकडे येतोस का. जनरेटरचा धूर खात अर्धा तास उभा होतो. मग त्याचेही डोळे भरले आणि दोघं भाऊ जमिनीवर बसून एकमेकांचे हात धरून राहिले. इंदूनं मध्ये लाडवांचा डबा ठेवला, कारण कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं.

थोड्या वेळानं रत्नाकररावांना नारळ आठवला. त्यांनी पिशवीतून काढून दोन्ही हातांनी पुढं केला. योगेंद्रनं तो घेतला, वजन बघितलं, कानाशी हलवून पाणी ऐकलं.

"गादीवाल्याला असाच दिला होतास?"

"छे," रत्नाकरराव नाक पुसत म्हणाले, "त्याचा लहान होता."

त्या दिवशी ते जेवले, झोपले, स्कूटरवर मागे बसून किल्ल्यापर्यंत जाऊन आले. बोलताना हळूहळू उलगडत गेलं, की योगेंद्रनं दादाचं लिहिलेलं एकही अक्षर सोडलं नव्हतं. आणि त्याला वाचताना आग आग व्हायची. आईच्या माहेरचं गाव चुकीचं, टेकरीवर हरवलेल्या चपलेचा पाय चुकीचा, शेजारच्या भैयासाहेबांच्या कुत्र्याचं नाव चुकीचं. पण रुसलेल्या माणसानं चूक दाखवली की तो बोलला असं होतं, म्हणून वर्षानुवर्षं दातांवर दात आवळून बसला होता. त्यात ती स्कूटर पांढरी वाचली आणि ड्रॉइंगचा मास्तर असा पेटला की दुसऱ्या दिवशी बटण दाबूनच उठला.

दुसऱ्या दिवशी रत्नाकरराव देवासला परतले. आल्या आल्या कोमलला फोन करून सांगितलं, की त्या "कौन गया"चे पैसे भरून टाक, माणसं आठवडा आठवडा वाट बघत बसतात. कोमल म्हणाली, बाबा, आता कुणी जाणार नाही. ते म्हणाले, तरी भर.

मग त्यांनी लॅपटॉप उघडला. नवीन फॉलोअर एक, धारवाला. आणि त्या जुन्या रविवारच्या मजकुराखाली, पांढऱ्या स्कूटरच्या गोष्टीखाली, त्या खात्यानं जन्मात पहिल्यांदा लिहिलेली एक ओळ होती. कल्पनाबाईंनी चष्मा लावून ती मोठ्यानं वाचली.

"स्कूटर पोपटी होती, दादा. बाकीच्या चुका रोज एक एक सांगत जाईन."